डावीकडे दोन बोटं

१३ जानेवारी १९७९
मधूने गाडीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलून आखूड बसवल्या. गाडी खाली आली. आता डावा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागत नाही. चालवतो मधू, मी शेजारी बसतो. खोपोलीच्या गॅरेजात शिकला, हाताला यश आहे. भाऊ असावा तर असा, असं आईसमोर बोललोही. तिला तेच ऐकायचं असतं.

१५ जाने.
गाडी डावीकडे झुकलीय. चाकावरच्या कमानीखाली बोटं घालून मोजलं. उजवीकडे सहा, डावीकडे चार.
माझा डावा पायही दोनच बोटं आखूड. लहानपणी मोडला, वैदूने बांधला, तसाच जुळला.
आई ओट्यावरून, "गाडी पण तुज्यावानीच झाली रं बाळू!" खूप हसली. या घरात माझ्यावर पहिलं हसण्याचा मान तिचाच.

१८ जाने.
गवंड्याची पाण्याची नळी आणून अंगण तपासलं. सपाट आहे. म्हणजे दोष गाडीतच.
मधू म्हणतो, "नवी स्प्रिंग हाय दादा, बसायला टाईम लागतो." मग उजवीला नाही का लागत?

२५ जाने.
डावी स्प्रिंग उजवीकडे, उजवी डावीकडे करून घेतली. तरी डावी बाजूच खाली! म्हणजे स्प्रिंगा ठीक, त्या बसतात तिथेच काहीतरी. माझा गुडघा दुमडत नाही, खाली शिरून बघता येत नाही. मधू गाडीखालून ओरडला, "समदं जागच्या जागी हाय, दादा!"
गिरणीवर जाताना कर्जत स्टेशनजवळचा पानवाला म्हणाला, "लंगडं आलं." गाडीला की मला, विचारलं नाही. त्याला एकच डोळा. म्हटलं, देवाने एकच दिला आणि तोही माझ्या पायावर. बरं वाटलं. फार वेळ नाही.

४ फेब्रुवारी
पौष संपला. खालापूरला मुलगी बघायला गेलो. चांभाराकडून डाव्या वहाणेला दोन बोटं तळ चढवून घेतला होता. वहाणा दारात काढाव्या लागणार, पण दारापासून खुर्ची काही लांब नसते. निभावलं असतं.
मुलीचा बाप दारात थांबलाच नाही. सरळ गाडीकडे. मागून बघितली, पुढून बघितली, मग माझे पाय बघितले. म्हणाला, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाय पण गुण लागला." सगळे हसले. मधूही.
मुलगी, सुमन, खिडकीत होती. ती हसली नाही. मला आवडली. इथे कोण वाचतंय, आवडली.

११ फेब्रु.
मध्यस्थ आला. चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलला. मग, "घर पसंत हाय त्यांना. पर... धाकटा असंल तर."
आई म्हणाली, "सून तर आपल्याच घरात येतेय ना? तुजं बघू रं पुढं."
मी हो म्हटलं. मोठेपणा फुकट मिळतो तेव्हा घ्यावा. मधू खाली मान घालून बसला होता. लाजेने की हसू दाबायला...
गाडीवर गोणपाट टाकलं.

५ मे
परवा लग्न. मधू मागे लागलाय, "दादा, वरातीपुरती तरी गाडी सरळ करू या ना. लोक हसतील."
आता हसतील होय!
दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. कळशीखाली एक काळं रबरी कडं. बोटभर जाड. वर स्प्रिंगेच्या वेढ्याची खूण रुतलेली.
आई म्हणाली, "मधूनं दिलं, संक्रांतीला. गाडीतलं जास्तीचं हाय म्हनला. कळशी डुगडुगत व्हती."
हे स्प्रिंगेच्या डोक्यावर बसतं. स्प्रिंग दांड्याच्या मध्यावर, चाक टोकाला; इथे बोटभर गेलं की चाकाशी दुप्पट पडतं. दोन बोटं.
उजवीकडचं कडं त्याने अदलाबदल करताना स्वतःच्या हाताने काढलं आणि स्वतःच्या हाताने परत घातलं. समदं जागच्या जागी हाय, दादा.
विचारलं नाही. "विसरलो रं" म्हणेल. आणि आई म्हणेल, विसरला असंल.

६ मे
सकाळपासून मांडवात माणसं. गाडीला फुलांच्या माळा आल्यात. मधू हळद लावून बसलाय, त्याला आज कामाला हात लावता येत नाही. खोपोलीचा त्याचा गॅरेजवाला दोस्त वऱ्हाडात आहे, तासाभरात बसवून देईल. नुसतं कडं हातात द्यायचं.
दिलं तर सुमन कर्जतच्या बाजारातून ताठ गाडीतून येईल, मधूशेजारी. नाही दिलं तर गाडी झुकलेली येईल, आणि बाजार मधूला हसणार नाही. पुढे मी बसलेला असेन.
कडं काढून घेतलंय. धुतलं. वंगण गेलं, खूण जात नाही.
दोस्त अंगणात जेवतोय. आई आतून ओरडतेय, "बाळू, कळशी कुनी रं आडवी केली? समदं पाणी गेलं!"