कोयता नंबर चौदा

११ एप्रिल १९९३
ऊसतोडीची टोळी गावात परत आली. ट्रकातून वैजीनाथ उतरला — माझा जावई. मागून बाई उतरली. नात छबू "आई" म्हणून पळाली अन् मधीच थांबली. दुसरीच बाई!
"दैवशाला कुठाय रं?"
"पळून गेली. संक्रातीलाच."
तीन महिने! एक कार्ड टाकायला हात झडले होते का ह्याचे? ह्या नव्या बाईच्या, सगुणाच्या हातात माझ्या लेकीचा कोयता. मुठीला माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी. मीच गुंडाळून दिली होती.

१२ एप्रिल
पोलीस पाटलाकडं गेले. म्हणतो, "धुरपतामामी, बाई हरवली तर नवऱ्यानं सांगावं लागतं." तो बरा सांगंल!
मुकादम व्यंकटराव तर त्याच्याबी वर. "चौदा कोयते नेले, चौदा आणले. कमी कुठं हाय?"
नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको बदलली तरी मोजणी बरोबर. बैल बदलला असता तर सगळ्या टोळीनं विचारलं असतं.
मारून उसात गाडली का काय — हेच डोक्यात फिरायलंय.

१३ एप्रिल
छबूनं आज आईचं विचारलं न्हाई. बरंच झालं.

१५ एप्रिल
साखर कारखान्यावर आले. तीन यष्ट्या बदलून. शेतकी आफिसात नवा कंपुटर हाय, त्याच्यापुढं किशनराव नावाचा कारकून. गंगाखेडकडचाच निघाला.
"आजी, काळजी करू नका. नवऱ्याचं नाव टाकलं की बायको निघती."
टाक म्हणलं. वैजीनाथ निघाला. टोळी निघाली. कोयता नंबर चौदा. गाडी, दोन बैलं. बायकोचा रकाना — रिकामा!
"मशीन बिघडलं असंल."
"आश्रुबा टाक. तो आमच्याच टोळीतला." त्याचाबी रिकामा. "सिताराम टाक." रिकामा. चौदाच्या चौदा!
"बिघडलं न्हाई बाबा. कुणी भरलंच न्हाई. बैलं तेवढी मोजून लिव्हली तुमी."
खाली मान घातली त्यानं. माणूस वाईट न्हाई.
मग म्हणलं, वैजीनाथच्या उसाच्या गाडीचं वजन तर लिहिता? रोजचं काढ. लांबच लांब कागद निघाला. प्रौढांच्या वर्गात शिकलेली मी, अक्षर हळू लागतं, पण आकडे पटपट येतात. संक्रातीपर्यंत गाडी भरलेली. दुसऱ्या दिवसापासून निम्मी. नऊ दिवस निम्मी. दहाव्या दिवशी परत भरलेली.
नऊ दिवसांत दुसरी बाई उभी केली! लोक सुतकसुद्धा दहा दिवस पाळतात.
दवाखान्याच्या वहीत "वैजीनाथची बायको" न्हाई. मेलेल्यांच्या वहीतबी न्हाई. किशनराव म्हणाला, "दुसऱ्या टोळ्या बघतो. लय हायत, येळ लागंल. पत्ता देऊन जावा."

१७ एप्रिल
घरी. लिहायचं नव्हतं. लिहिते.
दिवाळीला दैवशाला आली होती. पाठ उघडी करून दाखवली. वळ. मी तेल लावलं अन् म्हणलं, "दिली तिथं नांदायचं. परत यायचं तर नवऱ्याला घेऊन ये. एकटीनं उंबऱ्याला पाय लावू नको." वर कोयत्याला चिंधी गुंडाळून दिली — हाताला फोड येऊ नयेत म्हणून! काय माया!
पोर लहानपणापासून ऐकणारी. ऐकलं तिनं.

२० एप्रिल
कार्ड न्हाई.

२३ एप्रिल
वैजीनाथ आला होता. "छबूला न्यायला आलोय मामी. पुढच्या साली संगं येईल. सगुणाला हाताखाली होईल."
छबू रांजणामागं दडली. मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं.
"तुमी डोक्यावर पडल्या काय?"
"आणखी एक पाऊल टाक, मग बघ कोण पडतंय."
गेला. पण परत येणार. बाप हाय. पोलीस पाटील पुन्हा त्यालाच विचारील.

२८ एप्रिल
किशनरावचं कार्ड आलं. नवऱ्याच्या नावानं हुडकत होतो म्हणून घावत नव्हती म्हणतो. पल्याडच्या टोळीत एकट्या माणसांची यादी हाय, अर्ध्या कोयत्यांची. त्यात दैवशाला. संक्रातीच्या तिसऱ्या दिवसापासून. अजून तोडायलीय. चार दिवसांत कारखाना बंद होणार, मग कुठं जाईल सांगता येत न्हाई.
बाप-नवऱ्याच्या रकान्यात तिनं माझं नाव सांगितलंय — धुरपताबाई.
गावाचा रकाना रिकामा.
झगा ओलाच छबूच्या अंगात घातला. साताची यष्टी.