जाहिरातीतला चौथा मुद्दा

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं एकदाचं! नगरपालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांनी दुरुस्ती केंद्राला मंजुरी दिली. ऑफिसच्याच इमारतीत तळमजल्यावरचं बंद पडलेलं गोदाम मिळालं. वर माझी कामाची खोली, खाली केंद्र. लोकांनी फेकलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या कचरा डेपोवर जायच्या आधी इथे येणार, दुरुस्त होणार, पुन्हा कुणाच्या तरी घरी जाणार. कचऱ्याच्या प्रकल्पांची सल्लागार म्हणून नऊ वर्षं हेच सांगत अकरा गावं हिंडले. आपल्या गावात पहिल्यांदाच.

घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "ही चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे नक्की काय गं?" म्हटलं, वस्तू टाकायची नाही, दुरुस्त करून परत वापरायची. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत बसले. "मग मी चाळीस वर्षं दुकानात काय झक मारत होतो?"

पोट धरून हसलो दोघंही. खूप दिवसांनी.

५ फेब्रुवारी

कारागिरांच्या जाहिरातीचा मसुदा उद्याच हवा होता. मागच्या गावाचा काढला, गावाचं नाव बदललं, दिला. वीस मिनिटांत काम फत्ते!

११ फेब्रुवारी, मंगळवार

वॉर्डातल्या मुकादमांचं प्रशिक्षण. इस्त्री तापत नसेल तर आधी प्लगजवळची वायर वाकवून बघा, दहातल्या सहा तिथेच तुटलेल्या असतात, हे करून दाखवलं. सगळे खूश. एकाने विचारलं, "मॅडम, कुठे शिकलात?" मी म्हटलं, "अनुभव!"

कसला डोंबलाचा अनुभव. बाबांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून बघितलेलं सगळं. आणि शाळेत मैत्रिणींनी विचारलं की मी सांगायचे, बाबा विजेच्या कंपनीत आहेत.

१४ फेब्रुवारी

सकाळी मी चपला घालत होते. बाबा दाराशी आले. "तुमच्या त्या केंद्रात माणसं लागतील ना?"

"लागतील की."

"कशी?"

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, जाहिरात येईल पेपरात, त्यात असेल सगळं," म्हणून निघाले.

दुकान बंद झाल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरातला तोच एक टेबलफॅन उघडतात, पुसतात, परत लावतात. आई गेल्यापासून तर दिवसातून दोनदा. त्यांना कामाची किती गरज आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण मी घाईत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाबा केस कापून आले. शर्टाला स्वतः इस्त्री केली. कुठे निघालात, तर म्हणे बँकेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायची लाज वाटतेय. तरी लिहिते.

दुपारी हेडक्लार्क फाइल घेऊन वर आले. सगळं ऑफिस त्यांना शिक्केवाले म्हणतं. हसत हसत सांगायला लागले, "मॅडम, गुरुवारी काय गंमत झाली! एक आजोबा आले अर्ज घेऊन. पिशवीत स्वतःचे स्क्रू ड्रायव्हर. तासभर रांगेत उभे. मी म्हटलं, काका, वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे, तांत्रिक शाळेचं प्रमाणपत्र पाहिजे. चौथा मुद्दा वाचा. तर म्हणतात, एक तरी वस्तू उघडू द्या. आपला तो बंद पडलेला पंखा नाही का, उघडला माझ्याच टेबलावर! चालू करून दिला! मग काय, नियम तो नियम. अर्ज घेतला आणि 'अपात्र' शिक्का मारला."

मग फाइल माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "आडनाव तुमचंच होतं. तुमचे कुणी?"

आणि मी म्हटलं, "नाही हो. आडनावं काय, पुष्कळांची सारखी असतात."

का म्हटलं? मॅडम घरच्या माणसाची शिफारस करतात असं व्हायला नको, हे एक. आणि दुसरं — शाळेतलीच ती मी. तशीच आहे अजून.

चौथा मुद्दा माझाच. त्या गावात शिकून रिकामी बसलेली तरुण मुलं होती, त्यांच्यासाठी ती अट घातली होती. इथे कुणालाच नको होती. गावाचं नाव तेवढं बदललं, बाकी वाचलंही नाही!

२५ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी चहा केला. चहात साखर बरोबर आहे का, एवढंच विचारलं त्यांनी.

२८ फेब्रुवारी

साहेबांना आडून आडून विचारलं, चौथा मुद्दा काढता येईल का. ते म्हणाले, "त्यात काय? एक टिपण लिहा, सही करतो."

इतकं सोपं! सोमवारी लिहिते.

१२ मार्च

नाही लिहिलं. दुसऱ्या गावाचं बोलावणं आलं, ओल्या कचऱ्याचा प्रकल्प. आठ दिवस इथेच आहे. बाबांशी रोज फोन. "जेवलात?" "जेवलो. तू?" "हो." संपलं.

२७ मार्च, गुरुवार

केंद्राचं उद्घाटन. हारतुरे, फोटो, साहेबांचं भाषण. निवडलेले तिन्ही कारागीर तरुण, कागदपत्रं चोख. पण जुन्या मिक्सरला हातच लावत नाहीत. "मॅडम, याचे पार्ट मिळत नाहीत." पहिल्या दिवशी आलेल्या एक्केचाळीस वस्तूंपैकी नऊ दुरुस्त झाल्या. बाकी भंगारात. बाबांनी असल्या वस्तूंचे पार्ट घरी कानशीने घासून बनवले आहेत.

चला म्हटलं होतं त्यांना. "मी काय करू गर्दीत? तू जा." दारात उभे राहून बघत होते, मी कोपऱ्यावर वळेपर्यंत.

३१ मार्च, सोमवार

टिपण लिहिलं. पाच ओळी. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. वयाची अट नाही, प्रमाणपत्र नाही, हातात वस्तू देऊन परीक्षा घ्यायची. एवढ्याला मी महिना लावला!

रिक्षा करून घरी आले. दारात दादाच्या चपला. तो बाबांना त्याच्या गावी न्यायला आला होता. बाबांनीच बोलावलं म्हणे. दोन बॅगा भरून तयार.

"बाबा, तुमची हत्यारं?"

"दिली भंगारवाल्याला. सुका कचरा. तुझ्याच भाषेत." हसले. मला हसू येईना.

सांगितलं, बाबा, केंद्राचा नियम बदलला, आता कुणीही येऊ शकतं, कितीही वयाचं. म्हणाले, "छान केलंस. कुणाला तरी उपयोग होईल."

"तुमच्यासाठी केलंय!"

"मला कशाला? मी कुठे मागितलं होतं?"

मी अर्जाचं बोलायला हवं होतं. त्या क्षणी. पण मग हेही सांगावं लागलं असतं की मला महिनाभर ठाऊक होतं, आणि मी तुम्हाला ओळख दाखवली नाही. चारच्या बसने गेले दोघं. दादा म्हणाला, "तुझी धावपळ त्यांना बघवत नाही गं. एकटे पडतात दिवसभर." मला राग आला त्याचा. खरं बोलला म्हणून आला.

१ एप्रिल

भंगारवाल्याकडे गेले. हत्यारं वितळवायला कालच गेली. वस्तू वितळवण्याआधी वापरा, यावर मी किती भाषणं दिली आहेत!

३ एप्रिल, गुरुवार

अपात्र ठरलेल्या सतरा जणांना परत बोलवायचं म्हणून शिक्केवाल्यांकडून फाइल मागवली. आज उघडली. बहुतेकांनी नवव्या रकान्यात, 'हे काम का करायचे आहे?' समोर, लिहिलंय — बेरोजगार आहे. घरी अडचण आहे.

चौदावा अर्ज बाबांचा. अक्षर थरथरतं, पण रेघ सोडलेली नाही.

"मुलगी याच इमारतीत असते. दुपारचा डबा तरी तिच्याबरोबर खाता येईल."