कुंभारमाठाच्या चढाला मोटार तापते

१४ एप्रिल १९५८, सकाळ
कुंभारमाठाच्या चढाला मोटार पुन्हा तापली. रेडिएटरमधून वाफ. चढाखाली बाबलीचे चहाचे दुकान आहे. तो ओरडला, ‘दाजीनू, पाणी उकाळलाच आसा तर चाय टाकू?’ लक्ष दिले नाही.
अठ्ठावीस तारखेला नर्मदेच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन, सावंतवाडीला. बायकोला मीच मोटारीने नेणार, असे आमच्या सगळ्या वाडीला सांगून बसलो आहे. चौदा दिवस आहेत. भरपूर झाले. मुंबईत शेटच्या मोटारी मी बावीस वर्षे पुसल्या. जुनी झाल्यावर ही त्यांनीच दिली. इंजिन मला नवे नाही.

१५ एप्रिल
नीट विचार केला. पाडव्यापर्यंत मोटार चढत होती. पाडव्याला पुढच्या जाळीवर ‘श्री देव रामेश्वर प्रसन्न’ ही फळी बसवली. तीन फूट लांब, दीड फूट उंच. नर्मदेच्या डोळ्यांसाठी. दुसऱ्याच दिवसापासून तापते. म्हणजे पाडव्याला कुणाची तरी दृष्ट लागली. फळी होती म्हणून एवढ्यावर निभावले.

१७ एप्रिल
दोष पेट्रोलचा. बदलले. तापली.

१८ एप्रिल
दोष पाण्याचा. आमच्या विहिरीला खार आहे. वरच्या वाडीतून गोडे पाणी आणून भरले. कालच्यापेक्षा लवकर तापली.

२० एप्रिल
शेजारच्या सांतानला दाखवली. तो लाँचींची इंजिने दुरुस्त करतो. बॉनेट उघडलेसुद्धा नाही. म्हणाला, ‘दाजीनू, आदी तो फळो काढा. देवाक वायच मागच्या शिटार बसवा.’ वर हसला. ऑपरेशन तोंडावर आले असताना देवाला हलवू? समुद्रातले इंजिन वेगळे, चढावरचे वेगळे. त्याला कोण सांगणार.

२४ एप्रिल
देवळात गाऱ्हाणे घातले. फळीच्या दोन्ही बाजूंना जी जाळी उघडी होती तिच्यावर आंब्याचे डहाळे बांधले. एवढी कधीच तापली नव्हती. जेवण गेले नाही.

२८ एप्रिल
अर्ध्या चढावर बंद पडली. नर्मदा मागच्या सीटवर. सोबतीला सांतानची बायको क्लेमेंटिना. मागून एस.टी. आली. क्लेमेंटिनाने हात दाखवून थांबवली आणि नर्मदेला धरून चढवले. मलाही बोलावले. मोटार रस्त्यात टाकून कसा जाऊ?
नर्मदा खिडकीतून म्हणाली, ‘पट्टी काढतत तेव्हा तरी समोर रवा. पयला तुमचा तोंड बघूक होया.’ हे ती रस्त्याकडेच्या खांबाकडे बघून बोलत होती.
नक्की येतो म्हणालो.

६ मे, पहाटे पाच
आज पट्टी काढणार. निघतो आहे. गार हवेत इंजिन तापत नाही, हा नियमच आहे.

सकाळी सात
तापली. पहिली एस.टी. आली. कंडक्टरने विचारले, ‘येतास?’ म्हटले, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतोच.

७ मे
नर्मदा क्लेमेंटिनाबरोबर एस.टी.ने घरी आली. जाड भिंगांचा चष्मा. पट्टी सुटल्यावर पहिले तोंड डॉक्टरांचे दिसले, मग क्लेमेंटिनाचे. हे क्लेमेंटिनाने सांगितले. नर्मदा अंगणात मोटारीपुढे थांबली. मग म्हणाली, ‘एवढो फळो जाळयेर मारलास? मगे वारो खंयसून शिरतलो?’

८ मे
फळी काढून मागच्या सीटवर ठेवली. सहज. मोटार एका दमात चढली. वाफ नाही. वर सड्याच्या मोकळ्या माळावर थोडा वेळ उभा राहिलो. सावंतवाडीला आता काही काम नव्हते. परत आलो.
नर्मदेला सांगितले, पेट्रोलच खराब होते.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता तिला सगळे स्पष्ट दिसते.