पान एकशे बारा

खाणवस्ती, गाफ्सा
१० फेब्रुवारी १९९४

चि. वसीलास,
आईचे अनेक आशीर्वाद.

खाण कोसळली त्या दिवसावरचं पुस्तक तुमच्या अंधवाचनालयात ब्रेलमध्ये होणार, तेही तुझ्या हातून, हे शेजारच्या सालिमाला मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, आता तरी तुझी भुणभुण थांबेल. छापून आठ वर्षं झाली. वाचून दाखव म्हटलं की प्रत्येकाला नेमकं काम आठवतं. मेलेल्यांच्या यादीत तुझ्या बाबांचं नाव मला स्वतःच्या बोटानं वाचायचंय. थडगं नाही, निदान नाव तरी असो.

मायेत खंड नको.
तुझी आई, शाझलिया

ट्युनिस
१ मार्च १९९४

ती. आईस,
सादर सलाम, वि. वि.

पुस्तक सोबत आहे. यादी पान एकशे बारावर, शेवटून दुसरं नाव बाबांचं, अम्मार बिन युनुस. लेखक चुकला तरी चूक जशीच्या तशी उतरवा, फार तर प्रकाशकाला कळवा, हे आमच्या हादीसाहेबांचं पालुपद दिवसभर चालू असतं. तुझी प्रत त्यांनी तपासलेली नाही, तेव्हा कुणाला दाखवत बसू नकोस. गुडघ्याला तेल चोळतेस ना?

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझी वसीला

खाणवस्ती
२५ मार्च १९९४

चि. वसीलास,
आशीर्वाद, रागावले असले तरी.

काल स्मृतिदिनाला मास्तरांनी छापील पुस्तकातून यादी वाचली. बाबांचं नाव आलं नाही. मी भर सभेत उठून सुनावलं, मास्तर, एक माणूस गाळलात, पान एकशे बारा बघा. मग ते हळूच म्हणाले, खाला, पुस्तकात ते नाव नाहीच, लेखकानंच गाळलंय. मागून कुणीतरी बिचारी म्हणालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणजे आठ वर्षं साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, सालिमालासुद्धा. मलाच नव्हतं. त्यांनी माझी कीव केली, तशीच तूही केलीस. त्या ओळीवर बोट ठेवून मी तीन आठवडे सुखात होते, हे कबूल करते. म्हणून जास्त लागलं.

लेखक अजून आहे म्हणतात. त्याला कुणीच जाब विचारला नाही, कारण जी विचारणार तिला कुणी सांगितलंच नाही. आता मी विचारते. पण चूक आधी माझ्या हाताला लागू दे. हादीसाहेबांनी तपासलेली प्रत पाठव, तुझे बाबा नसलेली.

तुझी आई