नऊ टिंबांचा शब्द

४ फेब्रुवारी
यांची डिक्शनरी शिवायला घेतली. पुठ्ठा सुटलाय, पानं खिळखिळी. बाइंडिंगखात्यात तीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवली, घरचं तसंच राहिलं! वाचायलाही मी तिथेच शिकले, पानांच्या घड्या घालता घालता. फोरमन ओरडायचे, "वहिनी, शिवताय की वाचताय?" — दोन्ही!

इंग्रजी मात्र यांच्याकडून. हे प्रेसात प्रूफं तपासायचे. डिक्शनरीत शब्द बघितला की शेजारी पेन्सिलीचं टिंब. तोच पुन्हा बघावा लागला तर दुसरं टिंब, आणि स्वतःवरच चिडायचे — "डोकं आहे की खोकं!"

एका शब्दाला नऊ टिंबं आहेत. नऊ!

५ फेब्रुवारी
कॅलसली. अर्थ दिलाय — निष्ठुरपणे. दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटता. त्याच्या वरचा शब्द घट्टे पडलेल्या कातडीचा. माझ्या अंगठ्याला आहे तसं. सुई टोचली तरी कळत नाही.

नवा शब्द आला की वाक्यं करायची, ही यांनीच लावलेली सवय. 'डॉक्टर घड्याळाकडे बघत कॅलसली बोलले.' 'बाप अंथरुणाला खिळला, तरी लेक कॅलसली आली नाही.'

दुसरं चटकन जमलं. खोडलं नाही.

९ फेब्रुवारी
शिवून झालं. सरस वाळतोय.

टिंबं वेडीवाकडी आहेत. हात थरथरायला लागल्यानंतरची. तेव्हा प्रूफं कुठली? वाचायला होती ती फक्त लेकीची पत्रं. बाप-लेकीचं पहिल्यापासून इंग्रजीतच चालायचं, आणि हे मला मराठीत वाचून दाखवायचे. "सुट्टी मिळत नाही म्हणते." चष्मा कपाळावर सरकवून.

चष्म्याशिवाय अक्षर न दिसणारा माणूस. चष्मा कपाळावर! वाचताना!

१० फेब्रुवारी
पत्र जुन्या प्रूफांच्या गठ्ठ्यात सापडलं. दोन ओळींना अख्खी दुपार गेली. 'येऊ नकोस असं आई इतकं कॅलसली सांगत असेल, तर मी नाही येत, बाबा.'

मी? मी कधी म्हणाले! उलट मीच रोज यांना विचारायचे, "कळवलंत का हो तिला?" "कळवलं."

मला तिचं खोटं सांगितलं, तिला माझं. का, ते कळतं. यांच्या अंगावर हाडं तेवढी उरली होती. कुशीवर वळवायचं तर मीच, पुसायचं तर मीच. लेकीने तसं बघू नये, एवढंच असणार. मानी माणूस. पण माझ्या तोंडी घातलंत! आणि मग नऊ वेळा अर्थ बघत बसलात. बदलतोय का म्हणून?

११ फेब्रुवारी
यांच्या खुर्चीतून आवाज येतो. पत्र वाचून दाखवणारा. संथ, स्वच्छ, आणि एक शब्द खरा नाही.

खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली. तरी येतो.

१३ फेब्रुवारी
हे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी होती. हातात बॅग. मी म्हणाले, "आता काय बघायला आलीस?" आत ये म्हटलं नाही. ती बॅग घेऊन तशीच जिना उतरली. दोन वर्षं झाली. ना फोन, ना पत्र.

तिला सांगू? सांगितलं तर मी सुटते, पण तिचे बाबा जातात. नाही सांगितलं तर लेक गेलीच.

१४ फेब्रुवारी
तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

१५ फेब्रुवारी
केला. एका दमात म्हणाले, "मी तसं कधीच म्हणाले नव्हते गं."

ती म्हणाली, "माहितीये, आई. बाबांनी शेवटच्या पत्रात सगळं लिहिलं होतं. म्हणून तर धावत आले. आईला कळू देऊ नकोस म्हणाले, म्हणून नाही बोलले."

म्हणजे दारात उभी होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. आणि मी ते बोलले.

डिक्शनरी काढली. दहावं टिंब दिलं. पेनाने.