मागचंच चालू

डॉक्टरसाहेब,

सहा वर्षांत माझ्या वडिलांच्या कमरेला तुम्ही एकदा तरी हात लावलात का? दर महिन्याला कागदावर "मागचंच चालू" एवढं खरडायचं आणि सही ठोकायची! अफूच्या जातीची ती गोळी, एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दुखणं होतं तिथंच राहिलं, आणि बाबा जेवता जेवता ताटावर पेंगायला लागले. परवा न्हाणीघरात पडले.

नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाऊण तास तपासलं. म्हणाल्या, "गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, हळूहळू उतरवू." मग विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय करता यायला हवंय?" बाबा म्हणाले, "आरशासमोर उभं राहून दाढी." इतका साधा प्रश्न तुम्हाला कधी सुचू नये?

जाब विचारायला काल मी तणतणत तुमच्या दवाखान्यात आले होते. खिडकीतल्या बाईंनी माझा आवाज ऐकला आणि मान वर न करताच कागद पुढे सरकवला. "तेच ना, ताई?"

मी तशीच परत फिरले. सही तुमची असायची, पण दर महिन्याला त्या खिडकीशी "तेच द्या" मीच म्हणायचे. बाबांना दोन जिने उतरवून आणायचा मला कंटाळा यायचा.

तुमच्या खिडकीवरची ताई