अजून दोन वर्षं

१४ मार्च

वहिनींस नमस्कार.

खुशाली विचारत नाही. परवा फोनवर "बरी आहे" म्हणालात, तेवढं पुरे. सोबत तीन फॉर्म आहेत: पीएफचा निळा, कंपनीच्या विम्याचा पांढरा, ग्रॅच्युइटीचा पिवळट. पेन्सिलीने फुली केली आहे तिथेच सही करा, बँकेत करता तशीच, पूर्ण आडनावानिशी. प्रत्येकाला मृत्यूचा दाखला आणि एक कॅन्सल्ड चेक जोडायचा. एचआरची बाई म्हणेल, झेरॉक्स चालते. चालत नाही. विम्याला मूळ दाखला लागतो. त्यांची नियमावली मी पानन् पान वाचली आहे.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, तुम्ही जाणताच. स्टोअरकीपर म्हणून लागलो. बाकी सगळं पुस्तकं आणून, स्वतःच्या डोक्याने. आज मॅनेजरसुद्धा पीएफला हात लावण्याआधी माझ्या टेबलाशी येतात. 'चक्रवाढ' हे नाव मला तुमच्या यजमानांनीच ठेवलं. दिवसभर गुणगुणायचा म्हणून मी त्याला 'रेडिओ' केलं. फिटंफाट. त्याच्या जागी अजून कोणाला बसवलेलं नाही. मी जेवायला साडेबारालाच जातो.

सव्वा वर्षापूर्वी तुम्ही मला तुमच्या जिन्यात थांबवलंत. "भावोजी, यांचं बीपी काही खाली येत नाही. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. पुरे झाली नोकरी म्हणावं." मी म्हणालो, "उद्याच बोलतो." आठवड्याने फोनवर सांगितलं, "बोललो वहिनी, पण गडी हट्टी आहे."

बोललो होतो हे खरं. हट्टी तो नव्हता.

तो राजीनामा टाइप करूनच माझ्याकडे आला होता. "चक्रवाढशेठ, एकदा शिक्का मार, की सुटलो मी." मी निवृत्तीच्या हिशोबाची शीट उघडली, त्याचे आकडे भरले. म्हणालो, "कमी पडतंय. वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत दोघांना पुरायला हवं. अजून दोन वर्षं काढ." तो शीटकडे बघत राहिला. मग हसला. "तू म्हणतोस म्हणजे प्रश्नच मिटला." कागदाची घडी करून खिशात घातली. घरी त्याने हे सांगितलं नसावं. सांगितलं असतं, तर परवा तुम्ही माझा फोन घेतला नसता.

पुढे चौदा महिने. मग तो मंगळवार आणि ती मीटिंग रूम, ते तुम्हाला माहीत आहे.

गेल्या रविवारी ती शीट पुन्हा उघडली. महागाईचा दर मी नऊ टक्के धरला होता. मजल्यावर सगळ्यांना मी सहा सांगतो. माझ्या स्वतःच्या शीटमध्येही सहाच आहे. सहा घालून पाहिलं. त्याच दिवशी पुरत होतं वहिनी, वर शिल्लक राहत होती.

नजरचूक झाली असं लिहिता आलं असतं. पण आकडे भरताना माझी नजरचूक होत नाही. हा गेला तर डबा कोणाबरोबर उघडायचा, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यासाठी नऊ लिहिले.

विमा धरला तर आता तुमची रक्कम नऊ टक्क्यांनीही पुरते. हे मी लिहू नये, कळतं. पण आकडा तुमचा आहे, तुम्हाला माहीत असावा.

मला रडू आलेलं नाही. काही वाटतंय का, हे मधूनमधून तपासून पाहतो. ऑफिसला वेळेवर जातो, वजन तेवढंच आहे.

पांढऱ्या फॉर्मवर साक्षीदाराची सही लागते. एचआरने तिथे माझं नाव घातलं आहे. मी सही केलेली नाही. हे वाचल्यावर ती माझी चालणार असेल तर तसं कळवा, मी येऊन करेन. नसेल तर शेजाऱ्यांपैकी कोणाचीही चालते. माझं नाव एका रेघेने खोडा आणि बाजूला तुमची छोटी सही करा. फॉर्म न्यायला मग शिपाई येईल. तीस तारखेच्या आत व्हायला हवं.

ज्याने त्याला थांबवलं,
तो